एडिटर सजवायचा तरी किती?

प्रोग्रामर दिवसभर ज्यात कोड लिहितो त्याला एडिटर म्हणतात. त्यातले रंग, अक्षरं, कोणती कळ दाबल्यावर काय व्हावं, सगळं आपल्या मनासारखं करता येतं. मी कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीत घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करतो. नव्याने नोकरीला लागलेली आसपासची पोरं फोन करतात, पण कोडबद्दल फारसं विचारतच नाहीत. "दादा, थीम कोणती वापरता? प्लगिन कोणते टाकलेत?"

माझं म्हणणं असं, की पहिलं वर्षभर एडिटर आहे तसा वापरावा. मी विम नावाचा एडिटर वापरतो. ब्रॅम मोलेनार यांनी तो १९९१ मध्ये लोकांसाठी खुला केला आणि २०२३ मध्ये निधन होईपर्यंत सांभाळला. त्याचा पूर्वज व्हीआय, बिल जॉय यांचा, त्याहून जुना. रात्री ग्राहकाचा सर्व्हर बंद पडतो तेव्हा आत शिरल्यावर बहुधा हा साधा व्हीआयच भेटतो. तुमची शेकडो ओळींची सेटिंगची फाइल तिथे नसते, प्लगिन, म्हणजे एडिटरला जोडायचे छोटे प्रोग्राम, टाकायची परवानगीही नसते. स्वतःच्याच शॉर्टकटांची सवय लागलेला माणूस तिथे पांगळा होतो. शिवाय गावात लाइट गेली की राउटर बंद, काम मोबाइलच्या नेटवर. अशा वेळी उघडल्याबरोबर प्लगिन अपडेट करत बसणारा एडिटर काय कामाचा?

पण रोज टोचतं ते जरूर बदलावं. ॲपमधले मराठी मेसेज मी इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर टाइप करतो. विमच्या आज्ञा इंग्रजी अक्षरांच्या. कीबोर्ड मराठीवरच राहिला तर त्या चालत नाहीत. म्हणून इन्सर्ट मोड, म्हणजे मजकूर टाइप करायची अवस्था, सोडला की कीबोर्ड आपोआप इंग्रजीवर यावा, एवढी सोय करून घेतली. असल्या चार-दोन गोष्टी सोडल्या तर माझा विम कोराच आहे.

यावर, साधनावर वेळ घालवण्यात वावगं नाही हे पटवायला, हुशार पोरं संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांचं उदाहरण देतात. आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची जुळणी पसंत पडली नाही म्हणून १९७७ मध्ये त्यांनी टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली करायला घेतली आणि त्यात दशकभर गेलं. ग्रंथाचा तिसरा खंड १९७३ चा, चौथ्याचा पहिला भाग थेट २०११ चा. या उशिराची कारणं इतरही असतील. पण टेकवर आज जगभरचे गणिती पेपर लिहितात. तुमच्या थीमचा उपयोग कुणाला, ते सांगा.

आमच्याकडे तिफण दुरुस्त करायची ती उन्हाळ्यात; वाफसा आल्यावर ती घेऊन सुताराच्या दारात कुणी बसत नाही. कामाच्या दिवशी एडिटरमध्ये काही खटकलं तर कागदावर टिपून ठेवा आणि हातातलं काम पुढे न्या. शनिवारी तो कागद काढा, आणि तेव्हाही जे खटकत असेल तेवढंच बदला.