गाडी धुण्याआधी पायांकडे पाहा

गाडी घरी धुण्याचे साहित्य घ्यायचे म्हटले की आपण आधी शाम्पू आणि मऊ कापड शोधतो. आपल्या महाड-पोलादपुरात मात्र पहिली खरेदी गमबूट आणि रबरी हातमोज्यांची असावी. जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिखलाने माखलेल्या गाड्या अनवाणी धुणारे कितीतरी जण मी पाहिले. अशा चिखलात उंदरांच्या मूत्रातून आलेले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात आणि ते किरकोळ जखमेतूनही शरीरात शिरतात. मधुमेहाने पायांची संवेदना मंदावलेल्या ज्येष्ठांना तर जखम झाल्याचे कळतही नाही.

बादल्या दोन घ्या, एक साबणाच्या पाण्यासाठी, दुसरी कापड खळबळून घेण्यासाठी. पण अर्ध्याच भरा. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो ओझे! लांब दांड्याचा मऊ ब्रश असला की कंबर वाकवावी लागत नाही, छतासाठी स्टुलावर चढावे लागत नाही. प्रेशर वॉशरचा मोह तूर्त टाळावा. चिखलाचे तुषार डोळ्यांत उडतात.

पुढील महिनाभरात ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना किंवा डोळ्यांत लाली दिसल्यास डॉक्टरांना चिखलाची गोष्ट आवर्जून सांगा.