समुद्र दिसतो, गंज दिसत नाही

मंडळी, दोन महिने लेकीकडे राहून परत आले. फ्लोरिडात काय पाहिलंत, असं बऱ्याच जणांनी विचारलं. खरं सांगू? डिस्ने राहिलं. पण इमारती पाहिल्या!

लेक-जावई मायामीजवळ अगदी समुद्रकाठी, नवव्या मजल्यावर राहतात. खाली पोहण्याचा तलाव, लॉबीत संगमरवर, गाडी लावून द्यायलाही माणूस. सकाळी गॅलरीत चहा घेऊन बसलं की समोर निळंशार पाणी. माझ्यासारख्या दादरच्या चाळीत वाढलेल्या बाईला हे सगळं स्वप्नवतच.

एक दिवस शेजारच्या आजी कागद घेऊन आल्या. वय माझ्याएवढंच, एकट्या, पेन्शनवर जगणाऱ्या. दुरुस्तीसाठी प्रत्येक घरावर मोठी जादा वर्गणी बसली होती. तिकडे तिला 'स्पेशल असेसमेंट' म्हणतात. ती भरता येत नाही म्हणून त्या घर विकायला निघाल्या होत्या. मला कायद्याचाच राग आला.

तेव्हा जावई म्हणाले, "आई, सर्फसाइडचं ऐकलंत ना?"

२४ जून २०२१ च्या मध्यरात्रीनंतर तिथली १९८१ साली बांधलेली बारा मजली इमारत कोसळली. ९८ माणसं गेली. तलावाजवळच्या स्लॅबवर पाणी साचून राहतं, खालचं काँक्रीट खराब झालंय, असं इंजिनिअरने २०१८ मध्येच लिहून दिलं होतं. दुरुस्तीचा खर्च दीड कोटी डॉलरवर गेला. सभासदांत वाद होत राहिले. खारी हवा मात्र सभेच्या ठरावाची वाट बघत नाही. मीठ आत शिरतं, सळई गंजते, गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते.

२०२२ मध्ये तिथे कायदा झाला. तीन मजली किंवा त्याहून उंच इमारतींची तिसाव्या वर्षी तपासणी, पुढे दर दहा वर्षांनी. शिवाय मुख्य बांधकामाचा दुरुस्ती निधी बहुमताने टाळायची जुनी सोय बंद. पुढे २०२५ मध्ये थोडी सवलत मिळाली, पण तत्त्व तेच राहिलं.

आता माझीच गोष्ट सांगते. चार वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या सभेत दुरुस्ती निधी वाढवायचा ठराव आला होता. "आम्ही पेन्शनर, कुठून आणायचे?" म्हणत विरोधात पहिला हात मी वर केला. ठराव पडला. टाळ्यासुद्धा मिळाल्या! वर्गात मुलांना 'वेळेवर घातलेला एक टाका' शिकवणारी मी.

आपल्याकडच्या उपविधींतही पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीची दर तीन वर्षांनी तपासणी सांगितली आहे. किती सोसायट्या ती करतात?

मला वाटतं, त्या आजींचं घर कायद्याने नाही घेतलं. तीस वर्षं दरमहा थोडे थोडे न भरलेले पैसे एकदम वसूल झाले, आणि भरायला उरल्या त्या म्हाताऱ्या. त्यांना हप्ते, कर्जाची सोय मिळायलाच हवी. पण दुरुस्ती थांबवणं हा काही त्यावरचा उपाय नव्हे. चार भिंती आपल्या असतात, खांब सगळ्यांचे.

असो. पुढच्या महिन्यात आमची सभा आहे. या वेळी हात ठरावाच्या बाजूने वर करणार आहे. तुमच्या सोसायटीत काय चाललंय? जरूर कळवा.