मदरबोर्ड गेला म्हणे!

दादांचा, म्हणजे वडिलांचा, संगणक २००८ सालचा. इंटेल जी३१ चिपसेटचा बोर्ड, १-१ जीबीच्या दोन डीडीआर२ पट्ट्या, विंडोज ७. काम काय, तर सोसायटीचा हिशोब आणि पत्रं. फार रखडायला लागला म्हणून परवा मी २-२ जीबीच्या जुन्या पट्ट्या आणून बसवल्या. बटण दाबलं तर पडदा काळा आणि आतून नुसतं बीप... बीप... बीप...

दुकानात नेला. डबा न उघडताच निकाल लागला. "काका, मदरबोर्ड गेला. नवीनच घ्या, पंचवीस हजारात बसेल." दादा पेन्शनवर. ते गप्प झाले आणि माझं डोकं फिरलं.

डबा घरी आणला. वायर काढली, पट्ट्या उपसल्या. सोनेरी दातांवर काळपट थर! आमचं द्रोणागिरी खाडीकाठचं. खाऱ्या हवेत इथे दाराच्या बिजागऱ्याही टिकत नाहीत. खोडरबराने दात हलकेच पुसले, ब्रशने खाचा झाडल्या आणि आधी एकच पट्टी लावून पाहिली. चालू! मग दुसरी, चाप 'टक्' वाजेपर्यंत दाबून. पहिल्यांदा हीच मी अर्धवट बसवली होती बहुतेक. रात्रभर मेमटेस्ट चालवला, एकही चूक नाही.

विंडोज मात्र ४ऐवजी सव्वातीन जीबीच वापरायला देतं. इथेही लोक पट्टीला दोष देतात. अहो, ३२ बिटांच्या विंडोजकडे पत्तेच ४ जीबीपुरते. त्यातले काही ग्राफिक्स आणि इतर भागांना जातात. आणि जी३१ला ४ जीबीच्या वर झेपतच नाही. हे बोर्डाच्या पुस्तिकेत पाहून मगच पट्टी घ्यावी.

कोणी म्हणेल, विंडोज ७चे अपडेट जानेवारी २०२०मध्येच थांबले, धोका आहे. मान्य. म्हणून त्याला इंटरनेट जोडलेलंच नाही. हिशोबाला ते लागतं कुठे?

ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू झाले. चांगलंच आहे. पण ते कचरा झाल्यानंतरचं. चालता संगणक आधी कचरा ठरवतं कोण? डबा न उघडणारा दुकानदार. आणि त्याला तसं करायला लावणारे आपण! नुसतं तपासायचे दोनशे रुपये मागितले की आपण तोंड वाकडं करतो. "बघायचे कसले पैसे?" मग तो बघत नाही, विकतो. डॉक्टरला तपासणीचे पैसे देतो ना आपण? नाही दिले तर तोही थेट ऑपरेशनच सांगेल.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानदाराला आधी दोनशे रुपये द्या आणि म्हणा, "उघडून दाखवा."

दादांचा मार्चअखेरचा हिशोब त्याच डब्यावर सुरू आहे.