जाब कोणाला विचारायचा?

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावर बाळंतीण किंवा मूल दगावले की ठरलेला प्रकार सुरू होतो. वृत्तपत्रांत मथळे झळकतात, मंत्र्यांचे दौरे होतात, चौकशीचे आदेश सुटतात आणि शेवटी सारा दोष उपकेंद्रातील नर्सबाईच्या माथी येऊन बसतो. संतापलेले गावकरी तिच्याच दारात जमतात. कधी कधी त्यांच्या अग्रभागी चळवळीचे कार्यकर्तेही असतात. राज्यकर्त्यांना याहून सोयीचे दुसरे काय असणार?

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत शंभराहून अधिक बालके कुपोषणाने मेली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने हळहळ व्यक्त केली. त्यानंतर जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्याचे कार्यालय आले. २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. कचेऱ्या जवळ आल्या, दवाखाना मात्र दूरच राहिला. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातील बोटोशीच्या मर्कटवाडीत एका आदिवासी मातेची जुळी अर्भके जन्मल्यानंतर दगावली आणि रस्त्याअभावी त्या रक्तस्राव होणाऱ्या मातेला डोली करून सुमारे तीन किलोमीटर वाहून न्यावे लागले. तो रस्ता करणे काय नर्सबाईच्या हाती होते?

डोंगराळ व आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा शासनाचा निकष आहे. मैदानी भागात तो पाच हजारांचा आहे. कागदावर ही सवलत उदार वाटते. परंतु निकष माणसे मोजतो, अंतर मोजत नाही. हे तीन हजार लोक एका गावठाणात राहत नाहीत. ते ओहोळांच्या अल्याड-पल्याड पाड्यापाड्यांवर विखुरलेले असतात. गरोदर स्त्रियांची नोंद, रक्तदाब, लोहाच्या गोळ्या, लसीकरण, बाळंतपण, शिवाय नोंदवह्या आणि त्याच नोंदी पुन्हा संगणकावर भरणे, हे सारे तिनेच करायचे. भाताची कापणी उरकली की कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात आणि तपासणीत असलेली गरोदर स्त्री तिच्या वहीतून निसटते. ती पावसाळ्याच्या तोंडावर परतते, बहुधा अंगावर रक्त नसलेली. उपासमारीने आणि स्थलांतराने केलेला घात गोळ्यांच्या पाकिटाने भरून निघत नसतो.

अशा ठिकाणी निदान कायम, अनुभवी आणि पाड्याची वाट ओळखणारी सेविका हवी. शासनाने काय दिले? कंत्राट! २००५ पासूनच्या आरोग्य अभियानात कंत्राटी परिचारिका नेमल्या गेल्या आणि आशा सेविकेला तर कामगार न मानता ‘स्वयंसेविका’ ठरवून कामागणिक मोबदला बांधून दिला. मे २०२२ मध्ये राज्यातील परिचारिकांना खासगी कंपन्यांमार्फत होणाऱ्या भरतीविरुद्ध संप करावा लागला. ऑगस्ट २०२५ मध्ये अभियानातील कंत्राटी कर्मचारी संपावर गेले ते १४ मार्च २०२४ च्या शासननिर्णयाची अंमलबजावणी व्हावी म्हणून! दीर्घ सेवा झालेल्यांना नियमित करण्याचा निर्णय शासनाने स्वतःच घ्यायचा आणि तो पाळला जावा म्हणून कामगारांनी रस्त्यावर उतरायचे, असा हा कारभार आहे.

‘नर्स पाड्यावर राहायलाच तयार नसतात’, हा राज्यकर्त्यांचा ठेवणीतला युक्तिवाद. तो निव्वळ कांगावा आहे. राहण्याजोगे निवासस्थान नाही, रात्री-अपरात्री सोबत नाही, पुढल्या वर्षी नोकरी राहील याची हमी नाही. अशा स्थितीत कोणता अधिकारी तेथे बिऱ्हाड थाटील? शिवाय जे राहण्यास तयार आहेत त्यांचे काय झाले? पेसा क्षेत्रातील आरोग्यसेवकांसह १७ संवर्गांच्या पदांवर नियुक्ती मिळावी म्हणून २०२४ मध्ये आदिवासी उमेदवारांना नाशिकला आंदोलन करावे लागले आणि प्रकरण न्यायालयात असल्याचे सांगून त्यांच्या पदरी टाकण्यात आली ती मानधनावरची तात्पुरती नेमणूक. जिला तेथली भाषा येते, ओहोळ केव्हा भरतो ते ठाऊक आहे, तिलाच अधांतरी ठेवायचे आणि वर माणसे मिळत नाहीत म्हणून रडायचे, हा ढोंगीपणा आहे.

हलगर्जीपणा कोणाचाही असो, त्याची चौकशी झालीच पाहिजे. परंतु वरच्यांच्या गुन्ह्याची शिक्षा खालच्यांनी भोगणे हा न्याय नव्हे. आदिवासी आणि नर्स एकमेकांसमोर उभे राहिले की मंत्रालय सुटते, हे कार्यकर्त्यांनी ओळखले पाहिजे. परिचारिकांच्या संघटनांनीही वेतन आणि बदलीपुरते न थांबता पाड्याचा रस्ता, रोजगार हमीचे काम आणि रेशन या मागण्या आपल्या मागणीपत्रात घेतल्या पाहिजेत. पाड्यावरच्या मोर्च्याने नर्सच्या कायम नोकरीची मागणी करावी, नर्सच्या संपात पाड्यावरच्या बाया सामील व्हाव्यात. तो मोर्चा उपकेंद्रावर नव्हे, पालघरच्या जिल्हा परिषदेवर आणि तेथून मुंबईला गेला पाहिजे. जाब विचारायचा तो तेथेच.