पॅकेज सहा लाख, हातात किती?

मंडळी, आपल्या सिल्वासात मुलाची नोकरी म्हटली की पहिला प्रश्न "पॅकेज किती?" बँकवाल्याची सवय, म्हणून आकडेच मांडतो.

सहा लाख म्हणजे महिना 50,000. त्यात बेसिक 25,000 धरा. 12 टक्क्यांनी कंपनीचा पीएफ 3,000, मुलाचा 3,000, ग्रॅच्युइटीचे साधारण 1,200, हे सगळं बहुधा पॅकेजमध्येच मोजलेलं असतं. हातात उरले 42,800. पीएफ आपलाच हो, पण त्यातून मुंबईचं घरभाडं निघत नाही.

घरून डबा घेऊन मसाट-पिपरियाच्या कारखान्यात 35,000 मिळवणारा म्हणूनच मागे नाही.

मुलाखतीआधी दोन आकडे काढा: त्या कामाचा चालू पगार आणि भाडं, खाणं, प्रवास, बचत धरून आपली गरज. मग ठामपणे मागा. शेजाऱ्याच्या मुलाचा पगार या हिशोबात कुठेच येत नाही!