दहन की दफन? निर्णय जिवंतपणीच व्हावा

नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेने मृत भाविकांच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे. या दिवसांत आपण कबरी स्वच्छ करतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. परंतु स्वतःच्या मृत्यूनंतर आपल्या देहाचे काय व्हावे, याविषयी कुटुंबात बोलणे अशुभ मानले जाते. परिणामी, घरात मृत्यू घडल्यावर, नातेवाईक जमलेले असताना आणि वेळ हाती नसताना धर्मगुरूंना फोनवर विचारणा होते : “फादर, कॅथलिकांना दहन चालते का?”

याचे थेट उत्तर असे की, दहनास मनाई नाही. मात्र ख्रिस्तसभा दफनाचीच आग्रहाने शिफारस करते.

एकोणिसाव्या शतकात युरोपातील काही ख्रिस्तविरोधी मंडळींनी देहाच्या पुनरुत्थानावरील श्रद्धा नाकारण्यासाठी दहनाचा पुरस्कार केला. म्हणून १८८६ साली रोमने त्यास बंदी घातली. पुढे दहनामागील कारणे बदलली. जागेची टंचाई, आरोग्य आणि खर्च यांमुळे लोक तो मार्ग स्वीकारू लागले. ५ जुलै १९६३ रोजी ही बंदी शिथिल झाली व १९८३ च्या धर्मसंहितेतील ११७६ व्या कलमात तीच भूमिका कायम राहिली. ख्रिस्ती शिकवणीच्या विरोधी हेतूने दहन निवडले गेले असेल, तरच ते अमान्य ठरते. अग्नी आत्म्याला स्पर्श करीत नाही आणि देहाला पुन्हा उठविण्याच्या परमेश्वराच्या सामर्थ्यालाही बाधा आणीत नाही.

मग दफनाचा आग्रह का? प्रभू येशूचा देह कबरेत ठेवला गेला. आपला देह स्नानसंस्काराने पवित्र आत्म्याचे मंदिर झालेला असतो. दफनभूमीसाठीच्या इंग्रजी शब्दाचे मूळ ग्रीक भाषेत असून त्याचा अर्थ ‘निद्रास्थान’ असा होतो. झोपलेला उठणार आहे, ही श्रद्धा त्या शब्दातच सामावली आहे.

आमच्या मते खरा प्रश्न दहनानंतर सुरू होतो. १५ ऑगस्ट २०१६ रोजीच्या रोमच्या सूचनापत्रानुसार रक्षा दफनभूमीत, चर्चमध्ये वा त्यासाठी अर्पण केलेल्या पवित्र स्थळी ठेवावयाची असते. ती वाऱ्यावर, जमिनीवर वा पाण्यात विसर्जित करू नये, कुटुंबीयांत वाटू नये आणि अगदी अपवादात्मक परिस्थिती वगळता घरी ठेवू नये. डिसेंबर २०२३ मध्ये रोमने दोन सवलती स्पष्ट केल्या : मृतांची नावे नोंदलेली राहतील अशा सामायिक पवित्र जागेत अनेकांची रक्षा एकत्र ठेवता येईल, तसेच धर्माधिकाऱ्यांच्या विचाराने, श्रद्धेविषयी गैरसमज होणार नसेल तर, रक्षेचा अत्यल्प अंश मृताच्या जीवनात महत्त्वाच्या ठरलेल्या स्थळी जतन करता येईल. या सर्वांमागे एकच चिंता आहे : मृत व्यक्ती अनामिक होऊ नये, तिच्यासाठी प्रार्थना थांबू नये.

आपल्या देशात अस्थिविसर्जनाची प्रथा सर्वत्र रूढ आहे. आंतरधर्मीय विवाहांच्या कुटुंबांत तर हा प्रश्न अधिकच नाजूक होतो. “विसर्जन करू नका” एवढेच सांगून आपली जबाबदारी संपते काय? केरळमधील आलप्पुळा धर्मप्रांताने जुलै २०२० मध्ये करोनाने मृत्यू पावलेल्यांचे दहन चर्चच्या दफनभूमीतच करून रक्षा तेथेच पुरण्याची व्यवस्था केली. त्या किनारी भागात खोल खणले की पाणी लागते. अडचण खरी होती, पण मृतांना ख्रिस्ती समाजापासून तोडले गेले नाही. मुंबई परिसरात जागेची टंचाई सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा प्रत्येक धर्मग्रामाने रक्षेसाठी कोनाडे अथवा नावांच्या फलकासह सामायिक जागा राखून ठेवावी, असे आम्हांस वाटते. त्याविना दिलेली परवानगी कुटुंबाला अर्ध्या वाटेवर सोडते.

भाविकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. आपली इच्छा लिहून ठेवावी व ती मुलांना, तसेच प्रमुख धर्मगुरूंना सांगावी.

२. गंभीर आजारात धर्मगुरूंना वेळीच बोलवावे. रुग्णाभ्यंग हा केवळ शेवटच्या घटकेचा संस्कार नव्हे.

३. मृत्यूच्या कारणाचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र प्रथम घ्यावे. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते.

४. दहन करावयाचे असल्यास शक्यतो आधी पार्थिवासह चर्चमध्ये मिस्सा व्हावी. त्यानंतर रक्षा प्रार्थनापूर्वक पवित्र स्थळी ठेवावी.

५. कुटुंबाच्या कबरीत जागा आहे का, कबर किती वर्षांनी पुन्हा उघडली जाते, अस्थी कोठे हलविल्या जातात, याची चौकशी आधीच करावी.

६. शवपेटी, फुले व भोजन यांवरील खर्चात चढाओढ नको. कर्ज काढून केलेल्या अंत्यविधीपेक्षा मृतासाठी अर्पिलेली मिस्सा आणि गरिबाला दिलेले दान अधिक मोलाचे आहे.

दुःखाच्या घरात वाद पेटला, तर प्रार्थनेला जागा उरत नाही. ज्याने आपला निर्णय शांतपणे आधीच सांगून ठेवला, त्याने आपल्या माणसांना निश्चिंत मनाने रडण्याची व प्रार्थना करण्याची मोकळीक दिली. ख्रिस्ती माणसाने मागे ठेवावयाची ही शेवटची प्रेमाची सेवा आहे.