फडावर अडकलेला मजूर आणि गावाकडचे घर

बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये परततात. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज, परळी, गेवराई या तालुक्यांतील अनेक वाड्या आणि तांडे त्या पाच-सहा महिन्यांत जवळजवळ रिकामे असतात. टोळ्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगरकडे जातात. काही सीमा ओलांडून कर्नाटकात बेळगाव-बागलकोटपर्यंत पोचतात. ही सगळी माणसे भारताची नागरिक आहेत, त्यांना कुणी हद्दपार करू शकत नाही. तरीही कामाच्या जागी त्यांची अवस्था कागदपत्रे नसलेल्या परदेशी मजुरासारखीच असते, आणि तिथे माणूस अडकला की गावातले घर तसेच कोलमडते.

या अवस्थेचे मूळ उचलीत, म्हणजे आगाऊ दिलेल्या रकमेत, आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. पावसाळ्यात घरात पैसा नसतो, तेव्हा टोळी जमवणारा मुकादम कोयत्यामागे पन्नास हजारांपासून लाखाच्या वरपर्यंत उचल देतो. कारखान्याचा पैसा वाहतूकदाराकडे, वाहतूकदाराकडून मुकादमाकडे आणि मुकादमाकडून टोळीला अशी ही साखळी आहे. लग्न, दवाखाना, बियाणे किंवा मागच्या वर्षीची बाकी यांत ती रक्कम कोयता हातात घेण्याआधीच संपलेली असते. कारखान्याच्या हजेरीपटावर मजुराचे नाव नसते. लेखी करार झालाच तर तो वाहतूकदार आणि मुकादम यांच्यात होतो. मजुराकडे बहुधा साधी चिठ्ठीही नसते. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादाने तोडणीदरात ३४ टक्के वाढ ठरवली आणि टनाचा दर २७३ रुपयांवरून सुमारे ३६६ रुपयांवर गेला. वाढ स्वागतार्हच होती. पण टन किती भरले आणि उचल किती फिटली, हा हिशेब मुकादमाच्या वहीतच राहिला. आजारपणाने काम बुडाले की खाडा लागतो आणि त्याचा दंडही उचलीत चढतो. हंगाम संपताना अनेक जोड्यांकडे बाकी निघते आणि पुढच्या वर्षाचा सौदा तिथेच ठरतो.

अशा मजुराला हंगामाच्या मध्यावर घरी जायचे असेल, तर अडचण सुरू होते. गावी म्हातारा दगावला, बाई बाळंत व्हायची आहे, अंगात ताकद उरली नाही, कारण काहीही असो. बाकी फिटल्याशिवाय जायचे नाही, असे सांगितले जाते. जोडी निघून गेली तर मुकादमाची किंवा वाहतूकदाराची माणसे गावात येतात. वसुलीसाठी मजुराला उचलून नेल्याचे, डांबून मारहाण केल्याचे, घरातल्या बाईला किंवा मुलाला अडकवून ठेवल्याचे गुन्हे महाराष्ट्रात वारंवार नोंदले गेले आहेत. दुसरी बाजूही सांगायला हवी. उचल घेऊन टोळी आलीच नाही, म्हणून कर्जबाजारी झालेले वाहतूकदार पश्चिम महाराष्ट्रात बरेच आहेत आणि मुकादमांनी केलेल्या फसवणुकीच्या त्यांच्या तक्रारी खऱ्या आहेत. पण त्या तक्रारीचा मार्ग न्यायालयात जातो. कुणाच्या मुलाला फडावरच्या कोपीत बसवून पैसे वसूल करण्याचा अधिकार कोणत्याही व्यवहारातून मिळत नाही.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. वेठबिगार पद्धत (निर्मूलन) अधिनियम १९७६ नुसार कर्जापोटी माणसाला बांधून ठेवणे हा गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि वेठबिगारीचे कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपुष्टात येते. नुसती उचल देणे हा गुन्हा नव्हे. उचलीमुळे मजुराला काम सोडता येत नसेल, दुसरीकडे काम करता येत नसेल किंवा किमान वेतनही मिळत नसेल, तर ती वेठबिगारी ठरते. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर करून घेतलेले काम म्हणजे राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ मधली सक्तीची मजुरी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये दिल्लीतील एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात दिला. १९८४ च्या बंधुआ मुक्ती मोर्चा प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले: मजुराकडून सक्तीने काम करून घेतले जात असल्याचे दिसले, तर ते उचलीपोटीच आहे असे गृहीत धरावे, आणि तसे नसल्याचे मालकाने सिद्ध करावे.

म्हणजे कामाच्या जागेवर सरकारने टाकलेला छापा मजुराच्या सुटकेसाठीही असू शकतो. तक्रार आली की जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकारी पोलिसांसह तिथे जातात, मजुरांचे जबाब घेतात आणि त्यांची मुक्तता करतात. या कारवाईचा कणा आहे मुक्तता प्रमाणपत्र. ते हातात असेल तर कर्ज संपल्याचा पुरावा मिळतो, तातडीची मदत मिळते आणि २०१६ च्या केंद्रीय योजनेतील पुनर्वसनाचा हक्क उभा राहतो: प्रौढ पुरुषाला एक लाख, स्त्रिया व मुलांना दोन लाख आणि अत्यंत हलाखीच्या प्रकरणांत तीन लाख रुपये. ते नसेल, तर मजुराला टेम्पोत बसवून गावी सोडले एवढेच घडते. उचल कायम राहते, मुकादम त्याच तालुक्यातला असतो आणि पुढच्या दसऱ्याला तीच जोडी त्याच टोळीत दिसते. छापा पडतो फडाच्या जिल्ह्यात आणि कर्ज उभे असते बीडमध्ये. दोन जिल्ह्यांच्या प्रशासनांतल्या या दरीत सुटका विरून जाते.

याउलट, कागदपत्रे नसलेल्या परदेशी मजुराला पकडण्यासाठी टाकलेल्या छाप्याचे परिणाम अमेरिकेत चांगले नोंदले गेले आहेत. १२ मे २००८ रोजी आयोवा राज्यातील पोस्टव्हिल या जेमतेम दोन-अडीच हजार वस्तीच्या गावात मांसप्रक्रिया कारखान्यावर छापा पडला आणि ३८९ कामगार पकडले गेले. बहुतेक ग्वाटेमालाचे होते. घाबरलेल्या कुटुंबांनी चर्चमध्ये आसरा घेतला, अनेक पुरुषांना महिनोन्‌महिने तुरुंगात ठेवून नंतर मायदेशी धाडले गेले आणि त्याच वर्षी कारखाना दिवाळखोरीत गेला. ७ ऑगस्ट २०१९ रोजी मिसिसिपीत कोंबडीप्रक्रिया कारखान्यांतून ६८० जणांना ताब्यात घेतले गेले, तेव्हा तिथे शाळा सुरू होण्याचे दिवस होते. कित्येक मुलांना घरी न्यायला आई-बाप आलेच नाहीत. पोस्टव्हिलनंतर संशोधकांनी आयोवातील जन्मनोंदी तपासल्या. लॅटिनो मातांची बाळे कमी वजनाची जन्मण्याचा धोका आदल्या वर्षाच्या तुलनेत २४ टक्क्यांनी वाढला होता, आणि अमेरिकेतच जन्मलेल्या लॅटिनो मातांतही वाढ दिसली. पकडले गेले ३८९ जण. भीतीची झळ मात्र राज्यभरातल्या गरोदर बायकांना बसली.

बीडच्या मजुरांवर सरकारी बंदोबस्ताची अशी वेळ २०२० मध्ये आली. मार्चअखेर टाळेबंदी लागली तेव्हा हंगाम संपत आला होता आणि मजूर कारखान्यांच्या परिसरात अडकले. काही टोळ्या आडवाटेने निघाल्या, तर जिल्ह्याच्या सीमांवर त्यांना थांबवण्यात आले. १७ एप्रिलला राज्य सरकारने तपासणी करून त्यांना गावी सोडण्याचा निर्णय घेतला. तेव्हा ३८ कारखान्यांच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत सुमारे १ लाख ३१ हजार मजूर होते. कोणत्या गावचे किती, कुणाबरोबर मुले किती, ही मोजदाद संकट दारात आल्यावर करावी लागली.

इतर वर्षी अशी मोजदाद नीट होत नाही आणि त्याची किंमत मागे राहिलेली माणसे मोजतात. आजी-आजोबांकडे ठेवलेली मुले हंगामी वसतिगृहाच्या भरवशावर शाळेत टिकतात. ते उशिरा सुरू झाले की मुलेही गाडीत चढतात आणि पाचटात वाढतात. वयात आलेल्या मुलीला मागे एकटी ठेवायची भीती आणि जोडी झाली की पूर्ण कोयत्याची उचल मिळते हा हिशेब, यांतून लग्ने लवकर होतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयोगटातील बीडच्या ४३.७ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. राज्याचे प्रमाण त्याच्या निम्मे होते. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे २०१९ मध्ये आलेले आकडे तर सुन्न करणारे आहेत: जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. यामागे काही खासगी दवाखान्यांची नफेखोरी होती आणि खाड्याची धास्तीही होती. पाळीच्या त्रासाने चार दिवस घरी बसण्याची मुभा या कामात नसते.

व्यवस्था म्हणून आता काही गोष्टी उभ्या आहेत. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या टनामागे १० रुपये कारखान्यांकडून घ्यायचे ठरले. संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे मंजूर झाली. ग्रामसेवकांमार्फत मजुरांची नोंदणी करून ओळखपत्र देण्याचा निर्णयही २०२१ मध्ये झाला. या तिन्हींत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची गोष्ट नोंदणीची आहे. कोणती जोडी, कोणत्या मुकादमाबरोबर, किती उचल घेऊन, कोणत्या कारखान्यावर गेली, एवढे ग्रामपंचायतीच्या वहीत लिहिलेले असेल, तर माणूस अडकल्यावर त्याला शोधता येते आणि सुटल्यावर त्याचा हिशेब मिटवता येतो.

१९७६ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समिती सक्तीची केली आहे. बीडच्या समितीने दरवर्षी टोळ्या निघण्यापूर्वी बसावे, गावोगावच्या याद्या कारखाना असलेल्या जिल्ह्यांच्या समित्यांना पाठवाव्यात, आणि फडावरून सोडवलेल्या प्रत्येक मजुराला त्याच जागी, त्याच दिवशी मुक्तता प्रमाणपत्र मिळेल याचा पाठपुरावा करावा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. ग्रामसभेत ही यादी मागण्याचा हक्क मात्र गावकऱ्यांनी या दसऱ्याच्या आत वापरायला हवा.